गळतीमुळे भाडेकरू नुकसानभरपाई मागताहेत. किती आणि कशी द्यावी?

कोथरूडवासी: सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे. रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्सवर दिलाय, भाडं 24,000. भाडेकरू नवरा-बायको आणि तान्हं बाळ. वेळेवर पैसे देणारी, घर नीट ठेवणारी माणसं. या पावसाळ्यात गच्चीतून पाणी झिरपलं, आतल्या बेडरूमच्या भिंतीचे पोपडे पडले, गादीला खालून बुरशी आली. बाळाला घेऊन सगळे हॉलमध्ये झोपतात. सोसायटी म्हणते, पाऊस थांबल्यावरच वॉटरप्रूफिंग. आता भाडेकरूंचा मेसेज आलाय: एक महिन्याचं पूर्ण भाडं माफ करा, शिवाय गादी-कपाटाचे 20,000 द्या. त्यांच्यावर अन्याय करायचा नाही, पण आकडा ठरवायचा कशावर? एकदा दिले की दरवेळी मागतील का?

अश्विनी_डी: खोलीचा आणि सामानाचा हिशोब वेगवेगळा करा. खोली वापरता येत नाही, तर तिचं भाडं घेणं बरोबर नाही, मग चूक कुणाचीही असो. मात्र किचन, हॉल, दुसरी खोली वापरात आहे, त्यामुळे पूर्ण माफीही होत नाही. मी तुमच्या जागी असते तर महिन्याला 8,000 कमी केले असते, आणि तेही बेडरूम पुन्हा झोपण्यालायक होईपर्यंत.
सामान स्वतः जाऊन बघा. गादी उलटून बघा, बिल मागा, किती जुनी आहे ते विचारा. जुन्या गादीला नवीची किंमत लागत नाही. कपाटाची फक्त मागची प्लाय फुगली असेल तर सुतार तेवढीच बदलून देतो. आणि ओल कळवल्यावर तुम्ही किती लवकर हललात, हेही बघावं लागेल.

जुना_सेक्रेटरी: गच्चीची गळती असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) दुरुस्ती सोसायटीने करायची असते. सभासद तुम्ही आहात, तेव्हा पत्रही तुम्हीच द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं मीटिंगमध्ये कुणाला आठवत नाही. तोवर गच्चीवर ताडपत्री टाकायला लावा. भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाका, फोटो काढा. उघडीप असतानाही डाग रेघेबाहेर सरकत राहिला तर पाइपलाइन तपासा.

वकील_पुणे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14: घर दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे कायद्याने ‘भाडेकरू’ असलेल्यासाठी आहे; लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्यात भाडेकरू नव्हे, परवानाधारक असतो. म्हणून तुम्ही आधी करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. वाद कितीही वाढो, पाणी किंवा वीज तोडायची भाषा चुकूनही करू नका. कलम 29 त्यासाठीच आहे.

कोथरूडवासी: धन्यवाद सगळ्यांना. रविवारी जाऊन गादी-कपाट बघतो, सोसायटीला उद्याच पत्र देतो. कपात डिपॉझिटमधून दाखवली तर चालेल?

अश्विनी_डी: नको. डिपॉझिट घर सोडताना परत द्यायची रक्कम आहे, त्यातून काही दाखवलं की शेवटी भांडण होतं. पुढच्या भाड्यातून कमी करा, सामानाचे पैसे बँकेतून द्या. मेसेजमध्ये स्पष्ट लिहा, ‘बेडरूमच्या गळतीबद्दल, अमुक तारखेपर्यंत’. मग ती रक्कम त्याच कारणापुरती राहते. आणि आधी फोन करून बाळ कसं आहे ते विचारा; बुरशीच्या वासात लहान मुलांना त्रास होतो. गरज वाटली तर ती खोली पूर्ण बंद ठेवायला सांगा.