मदत हवी आहे: 'द वॉकिंग डेड'च्या एकेका भागावर लिहायचं कसं?

मंडळी, 'द वॉकिंग डेड' ही झॉम्बींची अमेरिकन मालिका पहिल्यापासून पुन्हा बघतोय आणि या वेळी प्रत्येक भागाचं परीक्षण लिहायचं ठरवलंय. २०१० ते २०२२, ११ सीझन, १७७ भाग. हौसेला मोल नसतं म्हणा!

पहिला सीझन सहाच भागांचा, तो झटक्यात लिहून झाला. गाडं अडलंय ते दुसऱ्यात. हर्शेलच्या शेतावर नुसती बोलाचाली, हरवलेल्या छोट्या सोफियाचा शोध काही संपत नाही. सुटा भाग घेतला तर रटाळच म्हणावा लागेल. पण सातव्या भागात कोठाराचं दार उघडतं, एकेक झॉम्बी लडखडत बाहेर येतो, गोळ्या सुटतात, आणि सगळ्यात शेवटी जे पाऊल बाहेर पडतं त्यानं आधीचा सगळा संथपणा वसूल होतो. मग चौथ्या भागाला गुण द्यायचे ते त्याच्यापुरते, की पुढचं ठाऊक असल्याचा फायदा त्याला द्यायचा?

दुसरं म्हणजे स्पॉयलर. सातव्या सीझनचा पहिला भाग उभाच आहे खलनायक नीगनच्या बॅटवर. ती कुणावर पडली हे गाळून त्या भागाबद्दल लिहिणं म्हणजे तारेवरची कसरत.

मालिकांवर भागवार लिहिणारं कुणी असेल तर सांगा: कथानक किती उघड करता? दोन-तीन संथ भाग एकाच लेखात उरकलेले चालतात का? गुण देणं मला मुळातच पटत नाही, पण वाचणारे आधी आकडाच शोधतात, त्याचं काय करता?