मदत हवी आहे: १६ इंची चाकं टाकल्यापासून गाडीचा उठाव (पिकअप) गेला

भाऊ लोकहो, मी दारव्ह्याकडचा. पेट्रोल गाडीचे १६५/८० आर १४ टायर (रुंदी मिलिमीटरमध्ये / भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यात, 'आर'पुढं रिमचे इंच) अन् लोखंडी रिम काढून जुने १६ इंची अलॉय (मिश्रधातूचे रिम) बसवले, टायर १९५/५५. टायरसकट चाकाचा व्यास जवळपास तोच, म्हणून बिनधास्त होतो. पण आता बाबा अन् कापसाचं गाठोडं मागं असलं की चढावर दुसरा गिअर टाकावाच लागतो. आडतीच्या काट्यावर चाक ठेवलं: १९ किलो, जुनं १४! कडेचं फिरतं वजन वेग घेताना जवळपास दुप्पट भासतं, हे खरंच जाणवलं. टायरची भिंतही १३२ वरून १०७ मिलिमीटर झाली. त्यामुळं पांदणीचे (शेतरस्त्याचे) दणके बाबांच्या कंबरेला बसतात.

जुन्याच १४ वर जाऊ, की १८५/६५ आर १५ हलक्या अलॉयवर? कोणी चाक मोजलं असेल तर वजन सांगा.