उंदराचा वास आणि पालीची चुकचुक

इंग्रजीतल्या 'स्मेल अ रॅट' (शब्दशः उंदराचा वास येणे) आणि 'स्मेल्स फिशी' (माशासारखा वास येणे) यांना मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न अनुवाद करणाऱ्यांना नेहमी पडतो. दोन्हींना 'संशय येणे' म्हटलं की काम भागतं, पण फरक पुसला जातो. 'स्मेल अ रॅट'मध्ये संशय घेणारा माणूस कर्ता असतो. काहीतरी काळंबेरं आहे हे त्याला जाणवलेलं असतं. त्याला 'मनात शंकेची पाल चुकचुकली' अगदी चपखल. 'फिशी' असते ती वस्तू, व्यवहार किंवा एखाद्याने दिलेली सबब. तिथे 'यात कुठेतरी पाणी मुरतंय' बरं.

गंमत अशी की इंग्रज संशय नाकाने घेतो आणि आपण कानाने. पाल चुकचुकते, कुणकुण लागते. 'गेट विंड ऑफ'लाही 'कुणकुण लागणे' हाच जवळचा पर्याय आहे, पण मूळ कल्पना वाऱ्यावरून येणाऱ्या गंधाची, शिकारीतली. आपल्याकडे 'बातमीचा वास लागला' असं म्हणतात, नाही असं नाही. तरी मराठी नाकाला मुख्य काम अब्रू सांभाळण्याचं: ते कापलं जातं, खाली होतं, फार तर मुरडलं जातं. म्हणून 'फॉलो युअर नोज'चं 'नाकाच्या मागे जा' केलं की हसू येतं. अर्थ 'सरळ नाकासमोर जा' किंवा 'मन सांगेल तसं कर' असा, संदर्भाप्रमाणे.

'रेड हेरिंग'मध्येही मासाच आहे, पण त्याला 'फिशी'च्या पंक्तीला बसवू नये. हेरिंग मिठात मुरवून धुरी दिली की तांबूस होतो आणि त्याला उग्र दर्प येतो. शिकारी कुत्र्यांना मागावरून हटवण्यासाठी तो वापरल्याचा किस्सा इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेटने 1807 मध्ये लिहिला आणि त्यातून दिशाभूल करणारा मुद्दा हा अर्थ रूढ झाला. रहस्यकथेत ज्याच्यावर वाचकाचा संशय मुद्दाम वळवला जातो, तो रेड हेरिंग. म्हणजे संशय आहे, पण चुकीच्या दाराशी नेलेला.

आता विशेषणं. इथे मराठीने कोशाकडे हात पसरण्याची गरज नाही. 'मस्टी' म्हणजे कुबट: बंद खोली, ओल धरलेले कपडे, जुन्या वह्या. 'रॅन्सिड' म्हणजे खवट, आणि तो शब्द तेल-तूप-दाणे अशा स्निग्ध पदार्थांपुरताच. सडलेल्या मांसाला 'प्युट्रिड'. 'अ‍ॅक्रिड' मात्र अडतो. घशाला खवखव आणि डोळ्यांना चुरचुर आणणारा धुराचा वास एका शब्दात मावत नाही, सरळ वर्णनच करावं. 'पंजंट'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'टोचणे' आहे, त्यामुळे 'झोंबणारा' म्हटलं की जमतं. तो चांगलाच किंवा वाईटच असतो असं नाही.

'स्टिंक' एके काळी सुवासालाही चालायचा आणि 'रीक' म्हणजे नुसता धूर (धुरकट एडिनबरोचं टोपणनाव 'ऑल्ड रीकी' त्यातलंच). आज दोन्ही दुर्गंधीचे. आपल्या 'वासा'चीही तीच गत: विशेषण न लावता 'तुझ्या शर्टाला वास येतोय' म्हटलं की समोरचा शर्ट बदलायला उठतो. इंग्रजीतलं 'यू स्मेल'ही तसंच, कौतुक समजू नये.

उलट दिशेचा वाक्प्रचार 'कम अप स्मेलिंग ऑफ रोझेस'. उकिरड्यात पडूनही गुलाबासारखा दरवळत वर येणारा माणूस. 'नामानिराळा राहिला' हे बऱ्यापैकी जवळ, पण नामानिराळा माणूस फक्त सुटतो. हा वर शाबासकीही घेऊन जातो. 'सगळं निस्तरलं दुसऱ्यांनी आणि हा उजळ माथ्याने मिरवतोय' अशा वाक्यात तो नीट बसतो.