तिकिटांची अदलाबदल: रीतीभाती, चिडवाचिडवी आणि नेहमीचे घोळ

निळीशाई

टपाल तिकिटांची अदलाबदल करणारी माणसं बहुतेक वेळा एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. एकाने पाकीट पाठवायचं, दुसऱ्याने उघडून पाहायचं आणि त्याच तोलाची तिकिटं परत धाडायची. करार-बिरार काही नाही, फक्त रीती, आणि नवख्याला त्या कुणी बसवून सांगत नाही. म्हणून हा धागा. वर्णन कसं करावं, पाकीट कसं बांधावं, ओळख पटवून हवी असेल तर काय द्यावं, थट्टा कुठवर करावी, जाणकारांनी लिहा. मापं, कृती आणि बिघडण्याचं कारण आलं तर उत्तम.

मीच सुरुवात करते. माझ्या लेखी सगळ्या रीतींचं मूळ एकच: दोष समोरच्याला सापडायच्या आधी आपण सांगायचा.

वर्णनाची चार चिन्हं बहुतेक सगळीकडे चालतात. ** म्हणजे मूळ गोंद शाबूत आणि हिंज (तिकीट अल्बमात बसवायची गोंद लावलेली छोटी कागदी पट्टी) कधीच न लागलेलं मिंट, म्हणजे कोरं तिकीट. * म्हणजे हिंजची खूण असलेलं. (*) म्हणजे न वापरलेलं पण बिनगोंदाचं. वर्तुळात ठिपका म्हणजे वापरलेलं. यापुढे दोष शब्दांत लिहायचे: पातळ जागा, घडी, चीर, आखूड दात (छिद्रांवर फाडल्यावर कडेला उरणारी टोकं), तांबूस डाग. "छान अवस्था" लिहून समोरच्याला काहीच कळत नाही.

पातळ जागा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तिथेच बहुतेक भांडणं होतात. जुनं हिंज ओढून काढताना कागदाचा पापुद्रा निघतो आणि पुढून तिकीट अगदी निर्मळ दिसतं. चिमट्याने धरून दिव्यासमोर न्या, पातळ जागा उजळ दिसेल. मग काळ्या बशीत पालथं ठेवून जलचिन्ह (कागदातच उमटवलेली खूण) पाहण्याच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाका. आता तीच जागा गडद दिसते आणि दाबून सपाट केलेली घडीही काळ्या रेघेसारखी वर येते. द्रव पेट घेणारा असू शकतो, खिडकी उघडी ठेवा. फोटोग्रॅव्हर (कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या) छपाईच्या काही तिकिटांचा रंग या द्रवाने उतरतो, तेव्हा आधी त्याच मालिकेतल्या हलक्या तिकिटावर करून पाहा.

गोंदपारखी

** हे चिन्ह फार सढळ हाताने वापरलं जातं, त्यावर थोडं.

गोंद नंतर लावलेला आहे का, ते दातांच्या टोकांवर कळतं. पूर्वीच्या छपाईत कागदाला आधी गोंद लागे आणि छिद्रं नंतर पाडली जात. त्यामुळे तिकीट फाडून वेगळं केलं की टोकांना कोरडे, मऊ तंतू सुटतात. गोंद नंतर फासला की तो छिद्रांत उतरतो, तंतू चिकटतात आणि टोकं कडक होतात. दहापट भिंगाखाली कड तिरपी धरा, टोकांवर चकाकी दिसली की ** लिहू नका. ओठांच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवून पाहणारेही आहेत, पण दुसऱ्याचं तिकीट तोंडाला लावू नये.

जुनं हिंज निघत नसेल तर राहू द्या आणि "हिंजचा तुकडा शिल्लक" असं लिहा. सोलायला गेलात तर * चं तिकीट पातळ जागेचं होतं आणि मग ते कुणालाच नको असतं.

दातेमोजणी

"हे कुठलं तिकीट आहे?" असा प्रश्न आणि सोबत अंधुक फोटो, यावर कुणीही नीट उत्तर देऊ शकत नाही. उत्तर देणाऱ्यांवर उगाच राग धरला जातो. नीट विचारायचं ते असं:

स्कॅनरवर ६०० डीपीआय, तिकिटामागे काळा कागद, म्हणजे दात स्पष्ट दिसतात. रंगसुधारणा आणि धारदारपणा दोन्ही बंद. पुढची बाजू, मागची बाजू, आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी. पट्टी हवीच, कारण परफोरेशन म्हणजे २ सेंटिमीटरमधल्या छिद्रांची संख्या आणि चित्राचा आकार बदलला की अंदाज कोसळतो. ६०० डीपीआयच्या मूळ चित्रात २ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४७२ पिक्सेल, त्यात छिद्रं मोजता येतात. "१४ × १५" लिहिलं असेल तर पहिला आकडा आडव्या कडांचा, दुसरा उभ्या कडांचा. उलटं सांगितलं तर चुकीच्या छपाईशी जुळवाजुळव होते. परफोरेशन-मापक हाताशी असेल तर स्वतः मोजून आकडा द्यावा.

जलचिन्ह दिसलं तर त्याचं हाताने चित्र काढून द्या, फोटोत ते क्वचितच उतरतं. रंगछटेचा निकाल मात्र पडद्यावर कधीच मागू नये. "गुलाबी की शेंदरी" हे दोन ओळखीची तिकिटं शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडातच ठरतं.

आणि उत्तर मिळालं की कळवा, पटलं की नाही तेही. अर्धा तास चार कॅटलॉग चाळून कुणीतरी लिहिलेलं असतं.

जुनीपेटी

"आजोबांचा अल्बम सापडला, किंमत किती?" हा प्रश्न रोजचा. त्यावर टोमणे मारू नयेत, अशी जुन्यांना कळकळीची विनंती. तो माणूस उद्याचा संग्राहक असू शकतो. त्याला तीन गोष्टी सांगाव्यात: अल्बममधून काहीही उचकटू नका, पाकिटांवरची तिकिटं कापू नका, पानांचे सरसकट फोटो द्या. कापलेल्या पाकिटाबरोबर शिक्का, मार्ग आणि तारीख जाते. पुष्कळदा तिकिटापेक्षा सबंध पाकीटच मोलाचं असतं.

जुनं म्हणजे दुर्मिळ, हा समज पेनी ब्लॅकचं उदाहरण देऊन घालवता येतो. १८४० सालचं, जगातलं पहिलं चिकटणारं टपाल तिकीट, पण छापली गेली सुमारे ६.८ कोटी. ते आजही मिळतं. मोल ठरतं चार बाजूंच्या समासांवर, कारण त्याला छिद्रं नव्हती. २४० तिकिटांच्या तावातून ती कात्रीने कापत आणि दोन तिकिटांमधली जागा फार अरुंद होती. खालच्या कोपऱ्यांतली अक्षरं पाहून "माझ्यावर ए-बी आहे, विशेष आहे का?" असं विचारतात. ती तावातली जागा असते: ओळी ए ते टी, स्तंभ ए ते एल. प्रत्येक तावात एक ए-बी असणारच.

तोलमाप

अदलाबदलीचा हिशेब तीन प्रकारे होतो. नगाला नग, मालिकेला मालिका, किंवा कॅटलॉग-किमतीला कॅटलॉग-किंमत. कुठला, ते पाकीट निघण्याआधी ठरवा, आणि तिसरा असेल तर कॅटलॉग कुठला, आवृत्ती कुठली, तेही. स्टॅन्ली गिबन्स, स्कॉट, मिशेल, इव्हेर यांचे क्रमांक जुळत नाहीत. नुसतं "१४५ आहे का?" विचारलं तर चार माणसं चार तिकिटं काढतील.

घोळ होतो तो किमान किमतीत. कॅटलॉगातली सर्वांत खालची किंमत तिकिटाची नसतेच, ते विकणाऱ्याचं निवडणं, ओळखणं, पाकिटात घालणं यांचे ते पैसे असतात. तेव्हा किमान किमतीची शंभर तिकिटं देऊन त्या बेरजेइतकं एकच चांगलं तिकीट मागणं कागदावर बरोबर दिसलं, तरी ते पदरात पाडून घेणं आहे. ज्या थरातलं मागाल, त्याच थरातलं द्या.

नगाला नग असेल तर दुबार किती चालतील ते विचारा. एकाच तिकिटाच्या वीस प्रती कोंबलेलं पाकीट एकदा आलं की दुसऱ्यांदा कुणी पाठवत नाही.

शिक्केवाली

चिडवाचिडवीबद्दल लिहिते, कारण तीही परंपरा आहे आणि ती टिकायला हवी.

मिंटवाले विरुद्ध वापरलेलेवाले हे भांडण सगळ्यांत जुनं. आम्ही वापरलेलेवाले म्हणतो, तुम्ही तिकिटाच्या पाठीवरच्या गोंदाचे पैसे मोजता. ते म्हणतात, तुम्ही डाग जमवता. आमच्याकडे हुकमी एक्का आहे: १९३५ सालची जर्मनीची ओस्ट्रोपा मिनिएचर शीट, म्हणजे मोजक्या तिकिटांचा छोटा ताव. तिच्या गोंदात गंधकाम्ल होतं आणि ते कागद खातं. गोंद राखायचा की कागद, हा प्रश्न तिथे खराच उभा राहतो. यावर ते आमच्यापुढे आखाती अमिरातींची तिकिटं टाकतात. अजमान, फुजैरा, उम्म अल-कुवैन यांच्या नावावर १९६० च्या दशकात आणि ७० च्या सुरुवातीला चित्रांचे ढीग निघाले, त्यातली बरीच छापखान्यातच शिक्का मारून विकली गेली. शिक्का कोपऱ्यात नेमका पाव वर्तुळाचा आणि मागे गोंद जसाच्या तसा, मग हे "वापरलेलं" कसं? मुद्दा रास्त आहे. असं तिकीट देताना "मागणीनुसार शिक्का" असं लिहावंच.

विषयवार जमवणाऱ्यांना "चित्रवाले" आणि एका देशाच्या छटा-जलचिन्हांत बुडालेल्यांना "माशीचे पाय मोजणारे" म्हणायला हरकत नाही, दोघेही ते अंगाला लावून घेत नाहीत. पण थट्टा आवडीची करावी, मालाची नाही. कुणी आपलं नवीन तिकीट आनंदाने दाखवत असताना "दात आखूड आहे" हे चारचौघांत बोलू नये. विचारलं तर सांगा, आणि ते विकत घेण्याच्या बेतात असतील तर न विचारताही सांगा, पण एकट्याला गाठून.

नक्कलशोधक

शिक्केवालीताईंशी सहमत, आणि नकलीच्या बाबतीत तर हे दुपटीने लागू. "बनावट आहे" असं एका शब्दात फेकू नका, कारण द्या. छपाईची पद्धत, कागद, दात, शिक्का, यांपैकी कुठे खटकलं ते दाखवा. चित्रावरून कधीकधी "नकली" म्हणता येतं, "अस्सल" कधीच म्हणता येत नाही.

याला कारण आहे. जाँ द स्पेराती हा नकलाकार स्वस्त अस्सल तिकिटांवरची छपाई रसायनांनी उडवून त्याच कागदावर महागडं तिकीट छापायचा. कागद खरा, जलचिन्ह खरं, दात खरे, कित्येकदा शिक्काही खरा. १९५४ मध्ये त्याचा साठा ब्रिटिश फिलॅटेलिक असोसिएशनने विकत घेतला, तो पुढे कुणाच्या हाती पडू नये म्हणून. अशा तिकिटाला तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र हाच उपाय. उलट जिनिव्हाच्या फ्रान्स्वा फूर्निएच्या नकला बऱ्याच ओळखू येतात आणि आज त्याही आवडीने जमवल्या जातात. नक्कल ठेवायला हरकत नाही. देताना मात्र मागे पेन्सिलने, दाब न देता, "नक्कल" लिहा. आपण गेल्यावर तो अल्बम दुसऱ्याच कुणाच्या हाती असतो.

पुठ्ठेवाले

पाकीट बांधणं. तिकिटं ग्लासीनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात, मिंट आणि वापरलेली वेगळी. ते पाकीट तिकिटांपेक्षा चारही बाजूंनी सेंटिमीटरभर मोठ्या दोन पुठ्ठ्यांमध्ये. पुठ्ठ्यांच्या कडांना कागदी मास्किंग टेप, टेपचं टोक दुमडून ठेवा म्हणजे समोरच्याला कात्री घालावी लागत नाही. पारदर्शक चिकटपट्टी, स्टेपल, क्लिप यातलं काहीही आत नको. टपालाच्या यंत्रात रूळ असतात, क्लिपचा ठसा तिकिटावर उमटतो. पीव्हीसीच्या पाकिटात तर पाठवूच नका, त्यातलं मऊकारक द्रव्य कालांतराने तिकिटाला डागाळतं.

दमट हवेत ** तिकिटं एकावर एक रचू नका. गोंद ओल ओढतो आणि दोन तिकिटं एकजीव होतात. मध्ये ग्लासीनचा कागद घाला.

परदेशी जाणारं पाकीट असेल तर तिकिटं हा माल आहे, नुसतं पत्र नव्हे. सीएन २२ ही सीमाशुल्काची घोषणापट्टी लावा, "संग्रहासाठी टपाल तिकिटं" असं लिहा, एचएस क्रमांक (सीमाशुल्कासाठीचा मालाचा सांकेतिक क्रमांक) ९७०४, आणि खरी किंमत. "भेट, किंमत शून्य" असं लिहून समोरच्याला सीमाशुल्कात अडकवू नये. आणि हो, पाकिटावर रंगीत स्मारक तिकिटं लावा, पण जपून. टपालखात्याने पेनाने फराटा मारला की ती गेली. शक्य तिथे खिडकीवर हाताने शिक्का मारून मागावा.

फिरती_वही

मंडळांच्या फिरत्या वह्यांची रीत अजून कुणी लिहिली नाही. वहीत तिकिटं किमतीसह लावलेली असतात आणि ती सभासदांकडून सभासदांकडे जाते. तिकीट काढलं की रिकाम्या चौकोनात आपली सही किंवा शिक्का लगेच, वही पुढे पाठवताना एकदम नाही. वही हाती आली की आधी रिकामे चौकोन तपासा. सही नसलेला दिसला तर काहीही काढण्याआधी सचिवांना कळवा, नाहीतर ती रक्कम तुमच्याकडे मागितली जाईल. वर्णनाशी न जुळणारं तिकीट दिसलं, म्हणजे ** लिहिलंय आणि मागे हिंज, तर तेही तेव्हाच कळवा. चांगलं काढून त्याच जागी हलकं लावणं हा या छंदातला सर्वांत मोठा गुन्हा आहे आणि उशिरा कळवणाऱ्यावरही संशय येतो. वही घरात रेंगाळू देऊ नका, पुढचे ताटकळत असतात.

भिजवणी

पाकिटावरची तिकिटं कागदासकट पाठवत असाल तर दातांपासून निदान अर्धा सेंटिमीटर सोडून कापा. घेणाऱ्याने कोमट पाण्यात १५ ते ३० मिनिटं, रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात. लाल-जांभळा कागद पाणी रंगवतो आणि सगळा घाणा बिघडतो. तिकीट आपणहून सुटू द्या. मग स्वच्छ पाण्यातून काढून टिपकागदावर पालथं, आणि जवळजवळ सुकल्यावर वजनाखाली. आपोआप चिकटणारी नवीन तिकिटं पुष्कळदा पाण्याने सुटतच नाहीत. ती कागदावरच ठेवा आणि यादीत "कागदावर" लिहा.

निळीशाई

एक राहिलं: पाकीट हरवलं तर? आधी कोण पाठवणार, हे ठरवतानाच याचंही ठरवा. साधारण रीत अशी की नवखा आधी पाठवतो, आणि पोहोच मिळेपर्यंत जबाबदारी पाठवणाऱ्याची. पाठवण्याआधी सगळी तिकिटं एका स्कॅनमध्ये घ्या, तेच तुमचं बिल. घेणाऱ्याने पाकीट पोहोचलं की त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात, पसंत-नापसंत नंतर सांगितलं तरी चालतं. नापसंत तिकिटं त्याच पुठ्ठ्यांत, त्याच क्रमाने परत, आणि परतीचा टपालखर्च वर्णन चुकलं असेल तर पाठवणाऱ्याचा, मन बदललं असेल तर घेणाऱ्याचा.