पूर ओसरल्यावर घरात राहायचे की नाही, हे कोणी ठरवायचे?

वाळवंटीकाठ: जुलै 2021 च्या पुरात गोव्यात सत्तरी-डिचोलीत किती मातीची घरे पडली, सगळ्यांनी पाहिले. पाणी उतरताच लोक चिखल काढायला आत शिरतात. पंचनाम्यात नुकसान लिहितात. आज रात्री आत झोपावे का, हे कोणीच सांगत नाही. कॅलिफोर्नियात 1989 च्या आणि नेपाळात 2015 च्या भूकंपानंतर घराघरावर, आत राहता येईल का हे सांगणारी हिरवी, पिवळी, लाल पत्रके लावली. आपल्याकडे पुरानंतर हे सक्तीचे करा.

मुंडकाराचा_मुलगा: सक्तीला माझा विरोध. आम्ही मुंडकार, आमचे घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत. लाल पत्रक लागून बाहेर पडलो, तर परत पाऊल ठेवू देतील याची हमी कोण देणार? भिंतीपेक्षा आईला याचीच भीती जास्त.

फोंड्याचा_इंजिनिअर: लाल म्हणजे पाडा नव्हे, आत जाऊ नका. पिवळे म्हणजे ठरावीक भागच वापरा, हिरवे म्हणजे राहायला हरकत नाही. आणि मातीची भिंत पुष्कळदा पाणी उतरल्यावरच पडते. खालचे थर भिजून मऊ झालेले, वर नळ्यांच्या कौलांचे ओझे तसेच. चिरे मातीत बसवलेले असतील तर तीही भिंत भक्कम समजू नका. मी आधी जोत्याजवळची भिंत बघतो, मग भिंत कलली का ते बघायला ओळंबा लावतो, मग वासे टेकूवरून सरकलेत का ते. प्राथमिक पाहणीला अर्धा तास पुरतो.

काणकोणची_लेक: अर्ध्या तासाच्या हिरव्या पत्रकावर मी मुलांना आत झोपवू? आमच्या काणकोणात चावडी या भागात 4 जानेवारी 2014 ला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, 31 जीव गेले. तिथे पूरही नव्हता. चुकीचे हिरवे पत्रक काही नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस निर्धास्त होतो.

फोंड्याचा_इंजिनिअर: ताई, म्हणूनच पत्रकावर तारीख, वेळ आणि तपासणाऱ्याची सही हवी. पुन्हा पाणी चढले की ते रद्द, नव्याने पाहणी.

काणकोणची_लेक: सही कोणाची? पावसात तालुकाभर फिरायला इतके इंजिनिअर आहेत कुठे? आधी माणसे तयार करा, मग सक्तीचे बोला.

वाळवंटीकाठ: तोवर लोकांनी भिजल्या भिंतीखाली झोपायचे? गावात अनुभवी गवंडी आहेत, त्यांना शिकवून इंजिनिअरच्या हाताखाली घ्या. एप्रिलमध्येच सुरू करता येईल.

मुंडकाराचा_मुलगा: शिकवा. पण लाल पत्रकावरच लिहा, की घर तात्पुरते सोडले आहे, राहण्याचा हक्क कायम आहे, आणि खाली मामलेदारांची सही घ्या. त्याशिवाय आई उंबरठ्याबाहेर येणार नाही, आणि मी तिला ओढून काढणार नाही.