टार्टचं गोड पीठ, भट्टीवरची नानकटाई: तुमचेही अनुभव लिहा

साताऱ्याची माहेरवाशीण
पाचगणीहून येताना स्ट्रॉबेरी आणली. लेकीचा हट्ट, जॅम नको, टार्टच कर. गार बटर मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळताना आजी आठवली. दिवाळीआधी परातीत तूप-पिठीसाखर तळहाताने फेसायची, पांढरंशुभ्र होईपर्यंत. मग पत्र्यावर नानकटाई मांडून बेकरीच्या भट्टीवर न्यायची. आपला पत्रा ओळखू यावा म्हणून कोपऱ्यातल्या एकीवर चारोळ्या उलट्या खोचलेल्या. इथे सगळं उफराटं, हाताची ऊबसुद्धा लागू द्यायची नाही!
प्रमाण: २०० ग्रॅम मैदा, १०० बटर, ७० पिठीसाखर, चिमूटभर मीठ, एक बलक, लागलंच तर चमचाभर गार पाणी.

खवय्या
फोटो कुठाय?

विश्रामबागकर
सांगलीच्या एप्रिलमध्ये करून बघा म्हणजे कळेल. परात, मैदा, सगळं फ्रीजमध्ये ठेवते. सासूबाई विचारतात, पिठाला ताप आलाय का 😄

कृष्णाकाठ
आमचाही पत्रा भट्टीवर बदलला होता. शेजारच्या काकूंची नानकटाई आमच्या घरी. आई म्हणाली, गप खा, आपल्यापेक्षा बरी झालीय.

मिरजेची मावशी
मळू नका गं पोरींनो! पोळीच्या सवयीने हात चालतो, मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना कडा आक्रसून खाली बसतात. गोळा जमला की थांबायचं, चपटा करून अर्धा तास फ्रीजमध्ये. शंकरपाळ्याला मोहन घालतो ना, तेच काम बटर करतं. स्निग्धाचा लेप बसला की पीठ पाणी कमी पितं, म्हणून खुसखुशीत.

साताऱ्याची माहेरवाशीण
मावशी, 🙏 आता कळलं आजी शंकरपाळ्याचं मोहन मुठीत दाबून का बघायची.

वाईकर
अंडं चालत नाही आमच्यात. काय घालू?

मिरजेची मावशी
गार दूध, चमचा-दोन चमचे. एकदम ओतू नका.

रात्रपाळी
घाईत लिहितोय, डबा भरायचाय. टार्ट आधी रिकामंच भाजायचं, वर बटर पेपर, त्यावर राजमा, म्हणजे तळ फुगत नाही. १८० ला पंधरा मिनिटं, मग राजमा काढून तळ कोरडा होईस्तोवर. तो राजमा वेगळ्या बरणीत ठेवा. आमच्या भावाने उसळीला भिजत घातला, दोन शिट्ट्या, चार शिट्ट्या, ढिम्म हलेना.

खवय्या
😂😂 गॅस संपला असेल

तासगावची सून
तुमची स्ट्रॉबेरी, आमचे बेदाणे. घट्ट आटवलेल्या बासुंदीत घालून टार्टमध्ये भरते. सासरे म्हणतात, करंजी उघडी का ठेवलीस? बेदाण्याचा दर मात्र विचारू नका, घरात तोच विषय चाललाय.

कृष्णाकाठ
ताई, सोनेरी मिळतील का? दिवाळीला हवेत.

तासगावची सून
मिळतील की. गावाकडं आलात की घरी या, जेवूनच जायचं.

वाईकर
ओव्हन नाहीये. कढईत मीठ तापवून होईल?

विश्रामबागकर
होतं की. तळ खरपूस भाजतो, वरून रंग कमी येतो. वर स्ट्रॉबेरीच रचायच्यात, कोण बघतंय. झाकण मात्र घट्ट बसणारं घ्या.