जुनी गाडी: पेट्रोल, सीएनजी की डिझेल? (नाशिक, महिना ९०० किमी)

द्राक्षमळा: चार लाखांच्या आसपास जुनी हॅचबॅक घ्यायची आहे. रोज नाशिकरोड ते सातपूर एमआयडीसी, जाऊन-येऊन ३० किमी. महिन्यातून एकदा कळवण. तीन गाड्या पाहून ठेवल्यात: २०१७ ची १२०० सीसी पेट्रोल, तीच गाडी २०१६ ची पण बाहेरून सीएनजी किट बसवलेली, आणि २०१५ ची १.३ डिझेल. कुठली घ्यावी? इंधन सोडून खर्च कुठे निघतो?

टॅपेट: आधी इंधनाचं गणित उरकू. हिशेबापुरतं पेट्रोल १०५, डिझेल ९१, सीएनजी ९० रुपये धरतो. तुम्ही चालू भाव घाला. गावातल्या गर्दीत पेट्रोल १५ चं ॲव्हरेज देईल, म्हणजे किमीला ७ रुपये. डिझेल १९ धरलं तर ४.८० च्या आसपास. सीएनजी किलोला २१ म्हणजे ४.३०; पण गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापल्यावर गॅसवर जाते, म्हणून ४.५० धरा. पेट्रोल-सीएनजीत किमीला अडीच रुपयांचा फरक, महिन्याला २,२५०. साध्या पेट्रोल गाडीला ६० हजारांचं नवं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं) किट बसवलं तर ते वसूल व्हायला सव्वादोन वर्षं लागतात, आणि डिकी कायमची जाते.

डिझेल तुमच्या कामाचं नाही. इंधनात वाचतं ते एका इंजेक्टरमध्ये (डिझेल फवारणारा भाग) जातं: नवा घ्यायचा तर दहा हजारांच्या पुढे, आणि गाडीत ते चार असतात. शिवाय सिग्नल-टू-सिग्नल चालवलं की ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरतं, गाडी ओढत नाही, काळा धूर येतो. बीएस६ (२०२० नंतरची) डिझेल पाहणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) जळून साफ व्हायला सलग १५-२० मिनिटं बऱ्यापैकी वेगात गाडी पळावी लागते. ते मध्येच तुटत राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलेलं दिसलं म्हणून खूश होऊ नका, लगेच बदला. (दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद हा नियम दिल्ली-एनसीआरपुरता निघाला, आपल्याकडे नाही. विकणारा भाव पाडतोय असं दाखवून घाई करायला लावेल, ऐकू नका.)

सातपूरकर: टॅपेट यांच्याशी सहमत, पण २०१६ ची सीएनजी लगेच बाद करू नका. किटचा पैसा पहिल्या मालकाने भरलाय, तुमची बचत पहिल्या महिन्यापासून. फक्त हे बघून घ्या.

किट सिक्वेन्शियल आहे का? इनटेकजवळ (इंजिनात हवा शिरते तिथे) चार गॅस इंजेक्टरची रेल दिसली पाहिजे. त्याऐवजी एअर फिल्टरच्या पाइपात नुसता मिक्सर असेल तर गाडी सोडून द्या. अशा किटमध्ये बॅकफायर होऊन (गॅस पाइपातच पेटून) फिल्टरचा डबा फुटतो.

मग गॅसवर चालवून स्कॅनर लावा. इंजिन गरम, आयडलवर, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा संगणक इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) अधिक-उणे पाचच्या आत हवा. अधिक पंधरा-वीस दिसलं तर गॅस कमी पडतोय: ट्युनिंग बिघडलंय किंवा गॅस फिल्टर तुंबलाय. हे दुरुस्त होतं. सहज दुरुस्त न होणारी गोष्ट वेगळी. सीएनजी कोरडा गॅस, त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) आणि त्याची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट संपते आणि व्हॉल्व्ह नीट बसेनासा होतो. सकाळी थंड इंजिन कष्टाने सुरू होणं ही पहिली खूण. म्हणून कॉम्प्रेशन टेस्टशिवाय (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजल्याशिवाय) सीएनजी गाडीचा व्यवहार करूच नका. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक जरी दहा टक्क्यांहून जास्त खाली असला तर हेडचं (इंजिनच्या व्हॉल्व्हवाल्या वरच्या भागाचं) काम निघणार हे धरून भाव करा.

पंचवटी१५: कागद. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं हवं, एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. नुसतं ‘पेट्रोल’ दिसत असेल तर किट नोंदलेलं नाही आणि क्लेमच्या वेळी अडचण येते. विम्यात किटची रक्कम वेगळी दाखवावी लागते, त्याचा जादा हप्ता: थर्ड पार्टीला ६० रुपये, स्वतःच्या नुकसानीसाठी किटच्या किमतीच्या ४ टक्के. फॉर्म २९-३० वर (मालकी बदलाचे) सह्या झाल्या की १४ दिवसांत विमा नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

द्राक्षमळा: सगळ्यांचे आभार. किट सिक्वेन्शियल आहे, आरसीवर चढलंय. पण सीएनजी टाकीच्या प्लेटवर टेस्ट २०२१ ची आहे. आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुन्या गाडीचं काय होतं?

सातपूरकर: टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करायची असते, म्हणजे मुदत संपलीय. टाकीत २०० बारने गॅस भरला जातो, ही औपचारिकता नव्हे. टेस्ट मालकाकडून करून घ्या, प्रमाणपत्र मिळाल्यावरच टोकन द्या. टाकी उतरवली की पट्ट्यांखालचा गंज स्वतः बघा, तिथे पाणी साचतं.

टॅपेट: ई२० ला अनुरूप सुटे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आहेत. तुमची ई१० च्या काळातली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा चारचाकींचं ॲव्हरेज ६-७ टक्के घटेल असा अंदाज होता. वरच्या गणितात १५ ऐवजी १४ धरा. रबरी फ्युएल पाइप आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग चिरल्यात का बघा. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर तेच कारण. सीएनजीवाल्यांना आणखी एक काळजी: इथेनॉल ओलावा ओढतं आणि तुमचं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहतं. टाकी पाव भरलेली ठेवा, त्याहून कमी नको, कारण आतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. आणि कळवणची फेरी पेट्रोलवर मारा. जुनं पेट्रोल संपेल, पेट्रोल इंजेक्टर मोकळे राहतील, शिवाय नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढायचं झालं तर गॅसवर जी ओढ कमी पडते तीही जाणवणार नाही.

स्पार्क प्लगची फट कंपनीच्या आकड्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी कमी ठेवा आणि दर २० हजार किमीला बदला. टॅपेटची फट दर ४० हजार किमीला मोजून घ्या.

पंचवटी१५: टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपुढचे असतील तर चार टायरचे पैसे भावातून कमी करून मागा.